धुळीचं माहेर

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे सगळं तू गृहीत धर, कारण मला आज सरळ मुद्द्यावर यायचंय. मी आग पकडली. हाताने नाही, डोळ्याने. आणि तीही इथून हजारभर किलोमीटरवरची!

फोनच केला असता, पण फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या मनाने भरतेस. मागे मी 'उपग्रह केंद्रात लागले' म्हटलं, तर तू आतोबांना सांगितलंस की पोरगी उपाहारगृहात लागली. आतोबा बिचारे 'भांडी तर घासावी लागत नाहीत ना' म्हणून काळजीत पडले होते. त्यापेक्षा पत्र बरं.

तर आमची खोली लांबलचक आहे, पडदे कायम ओढलेले, आणि भिंतभर पडदेच पडदे, पण हे चित्रांचे. वर उपग्रह बसलाय, तो दर दहा मिनिटांनी खाली बघतो आणि एक नवा फोटो पाठवतो. आमचं काम त्यात धूर आणि धूळ शोधायचं आणि ज्यांच्या अंगावर ते येणार त्यांना आधी सांगायचं. आमच्या विभागप्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्यापुढे सगळे वाकूनच असतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, ढगाला कड असते, धुराला नसते. आणि धुराला मूळ असतं, ढगाला नसतं.

मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन उत्तरेकडचं जंगल बघत होते. एका कोपऱ्यात फिकट ओरखडा दिसला, काचेवर कुणी बोट पुसावं तसा. मी चक्क बाहीने पडदा पुसला. मागे सगळे फिदीफिदी हसले. पण ओरखडा जाईना. पुढचा फोटो आला, त्यात तो लांबला होता आणि त्याचं एक टोक मात्र जागचं हललं नव्हतं. मी मोठ्या बाईंना म्हटलं, "बाई, याला मूळ आहे." त्या आल्या, एकदा बघितलं आणि फोन उचलला. धूर दरीत उतरायच्या आत तिथली शाळा रिकामी झाली. संध्याकाळी निरोप आला, सगळे सुखरूप. मी खोलीवर आले ती एकटीच हसत होते. घरमालकिणीने दार वाजवून विचारलं, बरं आहे ना?

आतोबांचा खोकला कसा आहे? त्याबद्दल तू एक ओळ लिहितेस आणि विषय बदलतेस. या वेळी दोन ओळी लिही.

तुझी भिंगरी


१३ फेब्रुवारी

भिंगरी,

शाबास! पत्र मी तीनदा वाचलं, आतोबांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि भाजीवाल्याला तोंडी सांगितलं. त्याने खुशीने मूठभर मिरच्या जास्त घातल्या. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण आमच्या घरातलं कुणी आभाळात जाऊन खाली बघेल असं वाटलं नव्हतं. शुद्धलेखनाबद्दल नंतर कधीतरी बोलू.

दोन ओळी मागितल्यास. पहिली ओळ, खोकला आहे तसाच आहे. दुसरी ओळ, पहिली ओळ खोटी आहे. डॉक्टर म्हणतात, गाव सोडा. या धुळीत आणखी दोन उन्हाळे काढलेत तर छातीत भाता उरायचा नाही. आणि जायचं कुठे? पुढच्या खोलीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल, मागच्या खोलीत माझी पुस्तकं. सगळ्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावलीय आणि त्या बंद खोलीत हा माणूस डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडत बसतो. शेजारी त्याचा श्वासाचा पंप. त्याची तक्रार म्हणून नाही. तक्रारखातं माझ्याकडे आहे.

तू गेलीस तेव्हा धूळ एवढी नव्हती. आता वाऱ्याचे महिने लागले की दुपारी आभाळ चहाच्या रंगाचं होतं. वाळत घातलेली चादर घरात आणावी तर अंगणच घरात आल्यासारखं वाटतं. आणि ही धूळ कुठून येते हे सांगायला भूगोल लागत नाही. गावाच्या पश्चिमेला खडीची खाण. वारा पश्चिमेचा. खाणीत सुरुंग दुपारी उडतात, धूळ दुपारी येते. आणखी काय हवं? सात वर्षं अर्ज करतेय, सह्या गोळा करतेय. अधिकारी दर वेळी एकच म्हणतात, बाई, पुरावा द्या. खाणीचा मुकादम माझाच विद्यार्थी, नववीत भूगोलात नापास. तो म्हणतो, धूळ आमची नाही. नापास झाला ते काही उगीच नाही.

आता ऐक. वीस एप्रिलला सुनावणी आहे. खाणीचा परवाना वाढवायचा की खाण बंद करायची, हे तिथे ठरणार. खाण बंद झाली तर आम्ही इथेच राहू, आतोबा खिडकी उघडतील. नाही झाली तर घर सोडायचं. इतकं साधं आहे ते.

तुझ्याजवळ आता वरून बघणारा डोळा आहे. खाणीतून उठणारी धूळ मला एका फोटोत पकडून दे.

आत्या


१ मार्च

आत्या,

सापडली!

फोटो सोबत आहे. दहा मिनिटांनी एक देणारा उपग्रह नव्हे, हा दुसरा, जवळून जाणारा. तो दिवसातून एकदाच येतो पण बारीकसारीक दाखवतो. पंधरा दिवस मी तुझ्या गावावर डोळा ठेवून होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली जात आणि मी गाव शोधत बसे. नदीचं वळण, मग बाजार, मग शाळेचं मैदान. तुझी गच्ची दिसत नाही, पण कुठे असेल ते कळतं. वेड्यासारखा मी तिथे हात हलवला.

आणि कालच्या फोटोत बघ, मी लाल वर्तुळ केलंय. ती खाण. तिच्यावर ती पांढरट पसरट झाक दिसते? पूर्वेकडे, म्हणजे गावाकडे, थोडी ओघळलीय? कालच तुमच्याकडे मोठी धूळ आली होती ना, तू आईला कळवलंस. तोच दिवस, तीच दुपार!

मोठ्या बाईंना अजून दाखवलं नाही. त्या दौऱ्यावर आहेत आणि मला थांबवत नव्हतं. सुनावणीला हे घेऊन जा. आतोबांना सांग, चिकटपट्टी काढायची तयारी करा.

भिंगरी


१० मार्च

माझ्या गुणी पोरी,

तुझा फोटो मी दाराएवढा मोठा करून घेतला. छापणारा म्हणाला, बाई, एवढा मोठा केलात तर फुटेल. म्हटलं, फुटू दे, खाणवाल्यांच्या डोक्यावर फुटू दे. आता तो वाचनालयाच्या भिंतीवर लागलाय आणि गाव येऊन बघतंय. सात वर्षं ज्यांनी मला 'अर्जवाल्या बाई' म्हणून चिडवलं, ते आता आपणहून सही करायला येतात. मी इतकी खुशीत आहे की आतोबा म्हणाले, जरा हळू बोल, घड्याळाचे काटे हलतात.

रविवारी मुकादम घरी आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. खाणीवर अडीचशे माणसं आहेत, त्यांनी कुठे जायचं, असं विचारत होता. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. पण तेवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. त्यालाही ती ऐकू गेली. मी म्हटलं, "हे कुठे जातील ते आधी सांग." तो मान खाली घालून गेला.

मध्ये चार दिवस पत्र लिहिता आलं नाही. आतोबांना जरा हवापालटाला नेलं होतं. आता बरे आहेत.

आत्या


२१ मार्च

प्रिय आत्या,

हवापालटाचं वाचून बरं वाटलं. आतोबा कधी घराबाहेर पडतील असं वाटलं नव्हतं.

आता तू बस. पाणी पी. मग पुढे वाच.

तो फोटो चुकीचा आहे. म्हणजे फोटो खरा आहे, मी चुकीचं वाचलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी. मोठ्या बाई दौऱ्यावरून आल्या, मी मिरवत त्यांना फोटो दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, वारा नसलेल्या दिवसाचा फोटो कुठाय? मी काढला नव्हता. काढला. आत्या, ती पांढरट झाक त्यातही होती. तशीच, त्याच जागी, तसाच ओघळ. त्याआधीच्या महिन्यातही, मागच्या वर्षीही. ती उडणारी धूळ नाही, तो उघडा पडलेला दगड आहे, आणि ओघळ म्हणजे खाणीचा रस्ता. वरून बघणाऱ्याने पहिली गोष्ट हीच शिकायची असते की रोज दिसतं ते धूळ नसतं. मी ती शिकायच्या आधीच तुला फोटो पाठवला. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी खरंच जेवायला गेले.

पण थांब, पत्र फेकू नकोस, खरी मजा आता आहे! मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "चल, तुझ्या आत्याची धूळ शोधू." साध्या रंगाच्या फोटोत फिक्या जमिनीवरची फिकी धूळ दिसतच नाही. पण उपग्रहाला उष्णता दिसते. जमीन तापलेली असते, वर उडालेली धूळ तिच्याहून थंड, आणि ढगाची तऱ्हा आणखी निराळी. हे तीन वेगवेगळ्या रंगांत मांडलं की धूळ गुलाबी दिसते. चांगली भडक, लग्नातल्या पोरींनी नेसावी तशी गुलाबी.

त्याच दिवसाचे फोटो लावले. सकाळी नऊपर्यंत काही नाही. मग एक गुलाबी ठिपका. दहा मिनिटांनी त्याला शेपूट फुटलं. मग ते लांबत, रुंदावत पूर्वेला निघालं. डोंगर ओलांडला. आम्ही दोघी खुर्चीच्या टोकावर. बारा वाजता ते खाणीच्या बरंच अलीकडे होतं. दोनला त्याने खाण गिळली आणि तुझं गाव गिळलं. आत्या, धूळ खाणीतून आली नाही, खाणीवरून आली. तिचं माहेर तिथून अडीचशे किलोमीटरवर आहे. एक कोरडा पडलेला तलाव आहे, त्याच्या तळातून ती उठते. सुरुंगांच्या वेळेला पोचते हे कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तसं. खाणीची स्वतःची धूळ जाड असते, ती फार तर रस्त्याकडेच्या घरांवर बसते.

खात्री करायला मी आणखी एक केलं. मोठी धूळ आली त्या दिवसांचे वार बघितले. त्यातले तीन रविवार निघाले. रविवारी खाण बंद असते ना?

मला माफ कर. आणि तो दाराएवढा फोटो भिंतीवरून काढ.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र वाचून आधी मी रागाने दोन ओळी लिहिल्या होत्या. आतोबांनी त्या टाकायला नेल्या आणि खिशात घालून परत आणल्या. 'पेटीत पडल्याच नाहीत' म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले आणि तेही वाईट बोलले. त्या ओळींत काय होतं ते जाऊ दे. रविवारबद्दल मात्र सांगते. रविवारी धूळ कशी, हे मला आतोबांनीही एकदा विचारलं होतं. मी म्हटलं होतं, शनिवारची शिळी असेल. हसू नकोस.

तीन दिवस मी जुने अर्ज काढून वाचत बसले. तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण सात वर्षांचं भांडण एका गुलाबी शेपटीपायी सोडायचं? मग मनात आलं, वर्गात मी पोरांना काय सांगायचे? माझं ऐकू नका, जाऊन बघा. म्हणून बघायला निघाले.

गच्चीवर मोठं ताट ओलं करून ठेवलं, धूळ येऊन बसली. रविवार बघूनच ठेवलं. मग नाक मुठीत धरून खाणीवर गेले आणि मुकादमाकडे मूठभर भुकटी मागितली. त्याला वाटलं बाई आता ही कोर्टात नेणार. तरी दिली, वर कागदाची पुडीही बांधून दिली. घरी आले, दोन वाट्यांत पाणी घेतलं. एका वाटीत खाणीची, एकीत ताटातली. ढवळलं, गाळ बसू दिला, वरचं पाणी चाखलं. आतोबा ओरडत होते, अगं विष असेल.

खाणीचं पाणी सपक. ताटातलं पाणी खारट! भिंगरी, चांगलं खारट! मी चमचा हातात धरून घरभर फिरले. उन्हात ठेवलं तर वाटीच्या कडेला पांढरा थर जमला. दगडाला मीठ कुठून येणार? आटलेल्या तलावाचंच मीठ ते. तो तलाव मी तीस वर्षं नकाशात निळ्या खडूने रंगवून शिकवला आणि तो आटल्याचा मला पत्ता नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी.

आता मला सांग, एवढा मोठा तलाव आटला कसा? पाऊस कमी झाला म्हणू नकोस, आकडे माझ्याकडे आहेत, झालेला नाही. सुनावणीला तीन आठवडे आहेत. खरा चोर शोध. मला रात्री झोप लागत नाही, आणि या वेळी काळजीने नाही!

आत्या


७ एप्रिल

प्रिय आत्या,

हे पत्र मी दोनदा फाडलं.

आधी चांगलं सांगते. शेपूट सकाळी नऊला उठतं आणि तुमच्याकडे दुपारी पोचतं. म्हणजे मधले पाच तास आपल्या हातात आहेत! मोठ्या बाईंनी परवानगी दिलीय. ठिपका दिसला की मी तुमच्या शाळेच्या कार्यालयात फोन करीन. तू गाव सावध कर, आतोबांना आत बसव. उद्यापासून सुरू.

आता तुझा प्रश्न. मी जुने फोटो काढले, आम्ही दोघींनी वर्षामागून वर्ष भिंतीवर लावलं. सुरुवातीला तलाव निळा, भरगच्च. मग कडेने पांढरी रेघ येते. मग पांढरं वाढत जातं आणि निळं आकसत जातं, आणि शेवटी मध्ये एक डबकं राहतं. तलावाला मिळणारी नदी एकच आहे. तिच्यावर वरच्या अंगाला धरण आहे. ज्या वर्षी धरण पुरं झालं, त्याच्या पुढच्या वर्षी पांढरी रेघ सुरू होते.

मी म्हटलं, मग हे पाणी जातं कुठे? धरणापासून एक सरळ रेघ निघते, जमीन उकरून पाइपलाइन टाकली की दिसते तशी. मी तिच्यावर बोट ठेवून निघाले. डोंगराला वळसा, मग माळ, मग पूल. मला इतका चेव आला होता की मोठ्या बाई काय म्हणत होत्या ते ऐकूच आलं नाही. बोट थांबलं तिथे नदीचं वळण होतं, बाजार होता, शाळेचं मैदान होतं.

आत्या, ते तुमचं पाणी आहे.

मला तो दिवस आठवतो. बायका कोसभर चालून पाणी आणायच्या, तू त्यांना घेऊन कचेरीसमोर बसली होतीस. पाइपलाइन आली तेव्हा पहिला नळ तुझ्या हातून सोडला, मी खाली उभी राहून नखशिखांत भिजले. माझ्या लहानपणातला सगळ्यात आनंदाचा दिवस तो. आणि त्याच पाण्यावाचून तो तलाव सुकला आणि धूळ होऊन आतोबांच्या छातीत चाललाय.

हे तू सुनावणीत सांगायलाच हवं असं नाही. खाण निर्दोष आहे एवढं सांगितलंस तरी पुष्कळ. बाकीचं तुला, मला आणि मोठ्या बाईंनाच माहीत आहे.

तुझी भिंगरी


१२ एप्रिल

भिंगरी,

पत्र मिळालं. काय बोलायचं ते मी बघते. तू रोज सकाळी तो ठिपका बघ.

आत्या


२२ एप्रिल

चि. भिंगरी,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पण तुझी आत्या झोपलीय आणि उठल्यावर ती तुला 'सुनावणी ठीक झाली' एवढंच लिहील. म्हणून आधी मी लिहितो. शुद्धलेखन बघू नकोस.

ते हवापालट वगैरे खोटं होतं. मी चार दिवस रुग्णालयात होतो, नाकात नळी. तुझं काम बिघडू नये म्हणून तिने लपवलं. हे तुला सांगायचं कारण, ती सुनावणीला उभी राहिली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काय होतं ते तुला कळावं.

सभागृह गच्च भरलं होतं. तुझा दाराएवढा फोटो कुणीतरी हौसेने समोर टांगला होता. तिने खुर्चीवर चढून तो स्वतः उतरवला, गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली की खाणीचा परवाना वाढवा, मी सात वर्षं चुकत होते. लोकांना वाटलं, बाईंना खाणवाल्यांनी फोडलं. तिने तुझे गुलाबी फोटो एकामागून एक दाखवले, मिठाची वाटी अधिकाऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी चाखली. तोंड वाकडं केलं. आणि शेवटी तिने ती पाइपलाइनची रेघ दाखवली.

मागून कुणीतरी ओरडलं, "नळ तुम्हीच आणलात ना, बाई?"

ती म्हणाली, "हो, मीच आणला. म्हणून थोडा बंद करा म्हणायचा हक्कही माझाच आहे."

अधिकाऱ्यांनी मागणी विचारली. तिने सांगितलं, वाऱ्याच्या महिन्यांत धरणाचा एक दरवाजा तलावासाठी उघडा ठेवा आणि आम्हाला दिवसाआड पाणी द्या. मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. जी माणसं तिच्या अर्जावर सह्या करत होती तीच अंगावर आली. शेजारीण म्हणाली, तुझ्या नवऱ्यासाठी आमच्या पोरांनी तहानलेलं राहायचं का? मी उठायला गेलो तर उबळ आली. भर सभेत मी खोकत राहिलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सभा शांत झाली. त्या शांततेत खाणीचा मुकादम उठला आणि म्हणाला, आधी खाणीचा नळ तोडा, मग गावाचं बघू. मग शेजारणीने हात वर केला, तोंड दुसरीकडे करून. मग बरेच हात वर झाले. सगळे नाही. या वर्षी प्रयोग म्हणून दरवाजा उघडायचा ठरलंय, परवापासून.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहून रडली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. कारण हे की सुनावणीला जे तज्ज्ञ आले होते त्यांनी सांगितलं, तलावाचा तळ पुन्हा पाण्याखाली जायला आणि धूळ बसायला दहा-बारा वर्षं लागतील. ती म्हणाली, अख्खं गाव तहानेला लावलं ते तुमच्यासाठी, आणि तुम्हालाच त्याचा उपयोग नाही.

मी म्हटलं, "का नाही? दहा-बारा वर्षं जगतो की."

तिने डोळे पुसले आणि वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला विचारावं तसं विचारलं, "नक्की?"

मी म्हटलं, नक्की.

तेव्हा आता शब्द दिलाय. डॉक्टरांशी बोललो. वाऱ्याचे महिने इथे राहायचं नाही, बाकीचे राहायला हरकत नाही, असं ठरलं. पुढच्या वर्षी ते महिने आम्ही तुझ्याकडे काढणार. घरमालकिणीला विचारून ठेव आणि तुझी आत्या मोठ्याने बोलते हेही आधीच सांग. या वर्षी तुझ्या फोनवर भागवतो. फोन आला की ती शाळेवर लाल कापड चढवते, मी आत जाऊन बसतो, पंप वेळेवर घेतो. सकाळी तिच्याबरोबर नदीपर्यंत चालून येतो. काल अर्ध्या वाटेतून परतलो, आज पुलापर्यंत गेलो.

एक काम कर. परवा दरवाजा उघडेल. त्या पांढऱ्या तळात पाण्याचा पहिला ठिपका दिसला की शाळेत फोन करू नकोस, खालच्या औषधाच्या दुकानात कर आणि मला बोलव. तिला ते मी स्वतः सांगणार आहे.

तुझा
आतोबा